मोटारीतील विद्युत्-नियमनाचा इतिहास : परीक्षेच्या कृतींच्या आधारे

यंत्रांचा इतिहास लिहिताना पेटंटांची कागदपत्रे, शोधकांची चरित्रे आणि कारखान्यांचे अहवाल ही साधने प्रमाण मानण्याची रूढी आहे. दुरुस्तीची पुस्तके मात्र या साधनांत सहसा गणली जात नाहीत. ती तेलाच्या डागांनी मळलेली, कारागिरांसाठी लिहिलेली आणि नवे प्रतिरूप निघताच रद्दीत जाणारी असतात, हे त्याचे एक कारण होय. वस्तुतः यंत्र प्रत्यक्षात कसे वागत होते, ते कोठे बिघडेल अशी त्याच्या कर्त्याची अपेक्षा होती, आणि ते हाताळणाऱ्याच्या अंगी कोणत्या सवयी होत्या, या तीन प्रश्नांची उत्तरे याच पुस्तकांत मिळतात. विशेषतः त्यांतील निषेधवाक्ये फार बोलकी असतात. ‘असे करू नये’ असे छापण्याची पाळी तसे कोणीतरी करीत असल्याशिवाय येत नाही. मोटारीतील वीज निर्माण करणारे जनित्र आणि त्या विजेचा दाब आवरणारा नियामक यांच्या इतिहासास ही दृष्टी लावली असता, रूढ वृत्तान्तात न आढळणाऱ्या काही गोष्टी स्पष्ट होतात.

रूढ वृत्तान्त थोडक्यात असा. प्रारंभीच्या मोटारींत ठिणगीसाठी मॅग्नेटो व उजेडासाठी अॅसिटिलीनचे दिवे असत. एंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करावे लागे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेली विजेची सर्वांगीण योजना बसविण्यात आली. एंजिन सुरू करणे, ठिणगी पुरविणे व दिवे लावणे ही तिन्ही कामे तीत एकत्र आली. तेव्हापासून बॅटरी व ती भरणारा डायनॅमो ही मोटारीची आवश्यक अंगे बनली. पुढे १९६० च्या सुमारास डायनॅमोची जागा अल्टरनेटरने घेतली, कारण सिलिकनचे डायोड स्वस्त झाले. हा वृत्तान्त खोटा नाही, परंतु तो अपुरा आहे. त्यात जनित्राचा इतिहास आहे; नियमनाचा नाही. आणि खरी अडचण प्रथमपासून नियमनाचीच होती.

ही अडचण मोटारीच्या स्वभावातच आहे. वीजगृहातील जनित्र ठरलेल्या गतीने फिरते. मोटारीचे एंजिन मात्र उभ्या गाडीत मिनिटास पाचसहाशे फेरे घेते, तर मोकळ्या रस्त्यावर चार हजार. जनित्र एंजिनाशी पट्ट्याने जोडलेले असल्याने त्याचा वेगही सातआठ पटींनी बदलतो, आणि दाब वेगाबरोबर वाढतो. उलटपक्षी बॅटरीस लागणारा दाब अत्यंत अरुंद मर्यादेत असावा लागतो. तो कमी पडल्यास बॅटरी भरत नाही. अधिक झाल्यास तिच्यातील पाणी उकळून उडून जाते, तिच्या पट्ट्या झडतात आणि दिव्यांच्या तारा जळतात. तेव्हा बदलत्या वेगातून स्थिर दाब कसा मिळवावा आणि तो मिळविण्याची जबाबदारी कोणावर टाकावी, हा प्रश्न जनित्राइतकाच जुना आहे.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत या प्रश्नास देण्यात आलेले सर्वांत प्रचलित उत्तर म्हणजे तिसरा ब्रश. डायनॅमोच्या कम्यूटेटरवर मुख्य दोन ब्रशांखेरीज एक तिसरा ब्रश टेकविलेला असे, आणि चुंबकीय क्षेत्राच्या वेटोळ्यास प्रवाह त्यातून मिळे. वेग व प्रवाह वाढला की आर्मेचरच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे मूळ क्षेत्र तिरपे होई. तिसऱ्या ब्रशास मिळणारा दाब घटे, आणि क्षेत्र आपोआप क्षीण होई. युक्ती चतुर होती, परंतु तिला बॅटरीच्या अवस्थेचे मुळीच ज्ञान नव्हते. बॅटरी भरलेली असो वा रिती, डायनॅमो ठरलेला प्रवाह देतच राही.

म्हणून उरलेले नियमन माणसास करावे लागे. तिसरा ब्रश फिरण्याच्या दिशेने थोडा सरकविला की भरण वाढे, उलट दिशेने सरकविला की कमी होई. हिवाळ्यात दिवे अधिक वेळ लागत व एंजिन सुरू करण्यास जोर अधिक लागे, यास्तव भरण वाढवावी. उन्हाळ्यात ती घटवावी, असा उपदेश गाडीच्या मालकास करण्यात येई. दिवसा लांबचा प्रवास करताना बॅटरी फाजील भरू नये म्हणून भर उन्हात पुढचे दिवे लावून गाडी हाकावी, असाही सल्ला दिला जाई. आज हे विनोदी वाटेल; पण या काळी चालक हाच विद्युत्-नियामक होता, हे त्यातून निर्विवाद सिद्ध होते. ऋतू, प्रवासाचे अंतर व दिव्यांचा वापर यांचा मेळ घालण्याचे काम त्याच्या विवेकावर सोपविलेले होते.

१९३० नंतरच्या दशकात हे काम एका लहान पेटीकडे गेले. कंप पावणाऱ्या संपर्कांनी दाब आवरण्याचे तत्त्व वीजगृहांत विसाव्या शतकाच्या आरंभीपासून वापरात होते. ब्रिटनमध्ये लूकस कंपनीने ते मोटारीत प्रतिपूरित दाबनियंत्रणाच्या रूपाने रूढ केले. तिच्या नियामक-पेटीत दोन विद्युत्-चुंबके शेजारी शेजारी असत. एक कट-आउट, म्हणजे डायनॅमोचा दाब बॅटरीहून वर गेल्यावरच दोघांना जोडणारा व तो उतरताच तोडणारा द्वारपाल; हा नसल्यास उभ्या गाडीतील बॅटरी डायनॅमोतूनच रिती होईल. दुसरा प्रत्यक्ष दाबनियामक. दाब ठरलेल्या मर्यादेस पोहोचला की त्याची पट्टी खेचली जाऊन संपर्क तुटे, क्षेत्राच्या मार्गात एक रोधक येई, दाब पडे, पट्टी परत येई. आणि ही उघडझाक सेकंदास कित्येक वेळा होत राही. त्याच चुंबकावर गाडीचा एकूण प्रवाह वाहून नेणारे दुसरे वेटोळे असे. बॅटरी फार रिती असल्यास त्या वेटोळ्यामुळे दाब थोडा खाली येई व डायनॅमोवर अतिभार पडत नसे. याखेरीज पट्टीस द्विधातूचा स्प्रिंग असे, तो उष्णतेनुसार दाब बदली. अमेरिकेत व नंतर ब्रिटनमध्येही प्रवाहाच्या मर्यादेसाठी तिसरे स्वतंत्र चुंबक देण्यात आले.

लूकसच्या आर. बी. १०६ या पेटीची परीक्षा करण्याची कृती मुळातून पाहण्याजोगी आहे. प्रथम बॅटरीचा संबंध तोडावयाचा, अथवा कट-आउटच्या संपर्कांमध्ये कोरड्या कागदाचा तुकडा सरकवावयाचा. मग डायनॅमोच्या अग्रास व्होल्टमीटर लावून एंजिनाचा वेग हळूहळू वाढवावयाचा. काटा चढत जाऊन एकदम स्थिरावला पाहिजे. २० अंश सेल्सिअस तपमानास तो १६ व्होल्ट किंवा किंचित वर, आणि हवा तापलेली असल्यास थोडा खाली स्थिरावावा. तसे न झाल्यास स्क्रू किंचित फिरवून दुरुस्ती करावी. मात्र हे सारे अर्ध्या मिनिटाच्या आत संपवावे, कारण तेवढ्यात वेटोळे तापून आकडा खोटा पडू लागतो. कट-आउट १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान मिटला पाहिजे. संपर्क काळे पडले असल्यास बारीक घर्षणकागदाने घासून मद्यार्काने पुसावेत.

येथे कारागिराकडून जे अपेक्षिलेले आहे ते लक्षणीय आहे. त्यास काट्याची चाल वाचता आली पाहिजे, हवेच्या तपमानाचा हिशेब धरता आला पाहिजे, आणि स्क्रूचा अष्टमांश फेरा बोटांना कळला पाहिजे. चालकाच्या हातून सुटलेला विवेक यंत्रात संपूर्ण गेला नव्हता. तो मध्ये कारागिराच्या हाती येऊन थांबला होता.

डायनॅमोच्या परीक्षेतही हेच दिसते. त्याची मोठी व लहान अशी दोन्ही अग्रे एका तारेने जोडून, व्होल्टमीटरचे दुसरे टोक गाडीच्या अंगास लावून, एंजिन मंद गतीने चालवावे. दाब झपाट्याने व न थरथरता चढला तर डायनॅमो निर्दोष. काटा मुळीच हलला नाही तर दोष ब्रशांत. अर्धा ते एक व्होल्ट एवढ्यावरच थांबला तर तो केवळ लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाचा दाब होय, अर्थात क्षेत्राचे वेटोळे तुटलेले. चार-पाच व्होल्टवर अडला तर दोष आर्मेचरमध्ये. दोन तारा आणि एक मापक एवढ्या सामग्रीवर तीन अवयवांचे निदान करणारी ही कृती वैद्यकातील नाडीपरीक्षेची आठवण करून देते. मात्र हिच्यातील प्रत्येक आकड्यास कारण आहे. निदानानंतरचे उपचारही हातानेच होत. कम्यूटेटर पेट्रोलच्या बोळ्याने पुसणे, खाचा पडल्या असल्यास तो लेथवर साफ करणे, तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक एक-बत्तिसांश इंच खाली कोरणे, मागील टोकाच्या छिद्रात तेलाचे दोन थेंब सोडणे, आणि आर्मेचर जळले असल्यास ते नव्याने गुंडाळणे.

मग ही व्यवस्था मोडली का? तिच्यात दोष होता तो कम्यूटेटरचा. डायनॅमोत वीज फिरत्या आर्मेचरमध्ये निर्माण होते, आणि सबंध प्रवाह ब्रशांतून बाहेर काढावा लागतो. वेग फार वाढविल्यास ठिणग्या उडतात व तारा खाचांतून उसळतात. म्हणून कप्पीचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. परिणामी मंद गतीत डायनॅमो काहीच देत नाही. खुल्या रस्त्यांच्या काळात हे खपले. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांतील गर्दीत गाड्या तासन्‌तास रांगू लागल्या, हीटर व रेडिओ आले, आणि पोलिसांच्या व रुग्णवाहिकांच्या गाड्यांत बिनतारी यंत्रे बसली. उभ्या गाडीत वीज हवी, ही मागणी प्रथम अशा गाड्यांकडूनच आली. अमेरिकेतील लीस-नेव्हिल कंपनीचे अल्टरनेटर १९४० नंतरच्या दशकात या कामासाठी वापरात आले. पण त्यांच्यासोबत सेलेनियमचे अवजड एकदिशकारक स्वतंत्रपणे बसवावे लागत. सर्वसामान्य मोटारीत त्यांना स्थान मिळणे शक्य नव्हते.

अल्टरनेटरचे तत्त्व मुळीच नवे नाही. किंबहुना फॅराडेच्या १८३१ च्या प्रयोगांनंतर निर्माण झालेल्या जनित्रांतून स्वभावतः प्रत्यावर्ती प्रवाहच निघे. त्यास एकदिश करण्यासाठी कम्यूटेटर जोडावा लागला. १९५० नंतरच्या दशकात सिलिकनचे डायोड तयार होऊ लागल्यावर कम्यूटेटरचे काम नाण्याएवढे सहा तुकडे करू लागले, आणि ते जनित्राच्या झाकणातच मावू लागले. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलिअंट मोटारीत, आणि १९६१ पासून आपल्या अमेरिकेतील सर्व मोटारींत अल्टरनेटर दिला. जनरल मोटर्सने १९६३ मध्ये त्याचे अनुकरण केले. ब्रिटनमध्ये याच दशकाच्या मध्यास लूकसचे अल्टरनेटर जॅग्वारसारख्या महाग गाड्यांत आणि दशकाच्या अखेरीस एम. जी. बी. सारख्या गाड्यांत दिसू लागले.

नियमनाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ डायोडच्या किंमतीहून मोठा आहे. अल्टरनेटरमध्ये वीज स्थिर भागात निर्माण होते. फिरत्या भागाच्या गुळगुळीत कड्यांवरून दोनचार अँपिअर एवढा क्षेत्र-प्रवाह तेवढा जातो. डायोड उलटा प्रवाह जाऊच देत नाहीत, म्हणून कट-आउट अनावश्यक झाला. वेग वाढतो तशी प्रवाहाची आवर्तनसंख्या वाढते, तिच्याबरोबर वेटोळ्यांचा प्रतिरोधही वाढतो, आणि प्रवाह आपल्या आपण मर्यादेत राहतो. म्हणून प्रवाहनियामकही अनावश्यक झाला. तीन चुंबकांच्या पेटीतून एकच काम उरले, ते म्हणजे दाबाचे. तेही लवकरच ट्रान्झिस्टर व झेनर डायोड यांच्याकडे गेले. लूकसच्या ४ टी. आर. या नियामकात हलणारा एकही भाग नव्हता.

याच संक्रमणाच्या काळातील पुस्तकांत निषेधवाक्यांची एकाएकी गर्दी होते. एंजिन चालू असता बॅटरीची तार काढू नये. बॅटरीचे ध्रुव उलटे जोडू नयेत. अल्टरनेटरला ध्रुवत्व देण्याचा प्रयत्न करू नये. उच्च दाबाच्या मेगरने पृथक्करण तपासू नये. गाडीच्या अंगास विद्युत्-वेल्डिंग करताना अल्टरनेटरच्या तारा सोडवून ठेवाव्यात. यांतील प्रत्येक वाक्यामागे डायनॅमोच्या काळात निर्धोक, किंबहुना योग्य मानली जाणारी एकेक कृती उभी आहे.

पहिल्याच निषेधाचे उदाहरण घ्यावे. एंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढावी, एंजिन चालूच राहिले तर डायनॅमो वीज देत आहे, न राहिल्यास देत नाही, ही परीक्षा गॅरेजमध्ये सर्रास केली जाई. ही सवय केव्हा रुजली असावी? तिसऱ्या ब्रशाच्या डायनॅमोत ती रुजणे संभवत नाही. तेथे बॅटरी दूर होताच दाब भडकून दिवे व क्षेत्राचे वेटोळे जळत. यावरून ही सवय दाबनियामक-पेटीच्या काळातील, म्हणजे १९३० नंतरच्या दशकापासून १९६० पर्यंतच्या तीस वर्षांतील असली पाहिजे, असे अनुमान निघते. जुनी व अडाणी म्हणून हिणवली गेलेली ही रीत वस्तुतः त्या काळच्या यंत्रास धरून होती. अल्टरनेटरमध्ये मात्र बॅटरीचा आधार सुटताच, क्षेत्र ओसरण्यास लागणाऱ्या अल्पशा वेळात, दाब कित्येक पटींनी उसळतो आणि डायोड व नियामक यांचा नाश करतो.

ध्रुवांचा निषेधही तितकाच बोलका आहे. डायनॅमोस ध्रुवांविषयी आग्रह नसतो. नवीन डायनॅमो बसविल्यावर बॅटरीची तार त्याच्या क्षेत्राच्या अग्रास क्षणभर टेकवावी, की तो हव्या त्या ध्रुवत्वाचा होतो. ब्रिटिश मोटारींत त्या काळी बॅटरीचा धन ध्रुव गाडीच्या अंगास जोडलेला असे. अल्टरनेटरबरोबर ऋण ध्रुव जोडण्याची रीत स्थिर झाली. एकाच गॅरेजमध्ये दोन्ही प्रकारच्या गाड्या येत असता बॅटरी उलटी जोडली गेल्यास डायनॅमो तेवढ्यापुरते निभावून नेई. डायोड क्षणार्धात जळत. यंत्राची क्षमाशीलता हा त्याचा गुण कोणत्याही कोष्टकात नोंदविलेला नसतो, आणि तो गेल्याचे दुःख कारखान्यास होत नाही. ते गॅरेजात होते.

नव्या परीक्षेची रचनाही निराळी आहे. तिचा आरंभ अल्टरनेटरपासून होत नाही. प्रथम पट्ट्याचा ताण, मग बॅटरीच्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व व तिच्या अग्रांची स्वच्छता, मग विश्रांत अवस्थेतील दाब. भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीत तो १२.६ च्या आसपास असतो. एंजिन चालू केल्यावर तो १३.८ ते १४.४ पर्यंत चढावा, आणि सर्व दिवे लावल्यावरही फारसा ढळू नये. नंतर जाड तारेच्या दोन टोकांमधील दाब-घट मोजावी. पुष्कळदा दोष जनित्रात नसून एखाद्या गंजलेल्या जोडात असतो. एवढ्यानेही उलगडा न झाल्यास नियामकास वळसा घालून क्षेत्रास पूर्ण प्रवाह द्यावा. त्याने दाब चढला तर दोष नियामकात, न चढला तर अल्टरनेटरमध्ये. जनरल मोटर्सने नियामक अल्टरनेटरच्या पोटातच बसविला तेव्हा या परीक्षेसाठी मागील झाकणास एक छिद्र ठेवले होते. त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून आतील पट्टी अंगास टेकविली की क्षेत्र पूर्ण होई. बंद पेटीस ठेवलेली ही खिडकी होय. डायोडची परीक्षा लहान दिवा व बॅटरी यांनी करावी. एका दिशेने दिवा लागावा, दुसऱ्या दिशेने लागू नये. दोन्ही वेळा लागला किंवा दोन्ही वेळा न लागला तर डायोड बदलावा, आणि डाग देताना त्याच्या तारेस पकडीने धरावे, म्हणजे उष्णता आत न जाता पकडीत उतरेल.

‘बदलावा’ हे क्रियापद येथे महत्त्वाचे आहे. डायनॅमोच्या पुस्तकात घासावे, कोरावे, वाकवावे, फिरवावे अशी क्रियापदे दाटीने येतात. अल्टरनेटरच्या पुस्तकात निदान अधिक काटेकोर आहे, पण त्याच्या शेवटी बहुधा एकच क्रिया उरते. कारागिराचे कौशल्य नाहीसे झाले असे म्हणणे मात्र चुकीचे होईल. ते हातातून मापकाकडे सरकले. आणि बेअरिंग, ब्रश, सरकती कडी यांच्या बाबतीत हाताचे काम पुढेही राहिलेच.

भारतात हे संक्रमण उशिरा व विषम रीतीने झाले. उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर निघणारी अॅम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होणारी फियाट ११०० डिलाइट, जी पुढे पद्मिनी या नावाने ओळखली गेली, या दोन्ही मूळच्या डायनॅमोच्या गाड्या. मद्रासजवळील पाडी येथे लूकस-टी.व्ही.एस. ही कंपनी १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी स्थापन झाली, तेव्हा तिकडे डायनॅमोचे युग उतरणीस लागले होते. आयातीवरील बंधने व प्रतिरूपांचे दीर्घ आयुष्य यांमुळे येथील ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या हाती डायनॅमो व अल्टरनेटर ही दोन्ही यंत्रे दीर्घकाळ एकाच वेळी राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीस दिवसभर गर्दीत रांगत राहावे लागे. डायनॅमोचा मंद गतीतील दुबळेपणा तिच्याइतका दुसऱ्या कोणत्या गाडीस जाचला असेल, हे सांगणे कठीण.

एकविसाव्या शतकात नियमनाचे काम अल्टरनेटरच्या पोटातूनही बाहेर पडले. आता बहुसंख्य नव्या मोटारींत दाब किती असावा हे एंजिनाचा संगणक ठरवितो. गाडी वेग घेत असता तो दाब मुद्दाम उतरवून एंजिनावरील भार हलका करतो, आणि गती कमी होत असता चढवून वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवितो. त्यामुळे १४ व्होल्ट हा निरोगीपणाचा आकडा राहिला नाही. निर्दोष गाडीतही मापक क्षणभर १२.५ व क्षणभर १५ दाखवू शकतो, आणि संगणकाने त्या वेळी काय मागितले होते हे कळल्याशिवाय त्या आकड्यास अर्थ नसतो. काही गाड्यांत पट्ट्याने जोडलेले एकच यंत्र एंजिन सुरूही करते व वीजही निर्माण करते. केटरिंगच्या १९१२ च्या योजनेतही ही दोन्ही कामे एकाच यंत्राकडे होती; सुरू करताना २४ व्होल्ट व भरताना ६ व्होल्ट अशी बॅटरीची जोडणी त्यात बदलली जाई. शुद्ध विद्युत्-मोटारींत तर जनित्रच उरले नाही. बारा व्होल्टची लहान बॅटरी मोठ्या बॅटरीवरून दाब उतरवून भरली जाते, आणि तिच्या परीक्षेच्या पानावर पट्ट्याच्या ताणाचा रकानाही राहिलेला नाही.